सात नंबरचा बिल्ला

३ मे, शनिवार

दादाचं आज पुन्हा तेच. बिल्ले, बिल्ले, बिल्ले! डोकं उठवलं नुसतं.

आमच्या सहलीच्या बोटीवरची एक बाई पोहून वर आली आणि आपल्या नंबरचा बिल्ला फळीवर खालच्याच खिळ्यावर विसरली. झालं! दादा शिडीशी उभा राहून समुद्राकडे डोळे फाडून बघतोय आणि बाई इकडे सावलीत बसून कलिंगड खातेय. दहा मिनिटं बोट जागची हलली नाही. मग बाराही लोकांना पुन्हा पहिल्यापासून धडा — वरची रांग म्हणजे बोटीवर, खालची रांग म्हणजे पाण्यात. उतरताना आपला बिल्ला खाली लावायचा, चढून आलात की वर. ज्याचा त्याने, स्वतःच्या हाताने. दुसऱ्याने शिवायचासुद्धा नाही. “माणसं मोजू नयेत, ती हलत असतात. बिल्ले मोजावेत.” अकरा वर्षं हेच वाक्य!

आता माणसं पोहून येतात, ओली, भुकेलेली, त्यांना कुठला बिल्ला आठवतोय? फळी बोटीवरच्या माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच आहे. रोज दोन-तीन बिल्ले मीच गुपचूप वर लावते. मागच्या महिन्यात दादाने एकदा पकडलं, दिवसभर बोलला नाही. आता त्याची पाठ वळली की लावते. कटकट नको, बस्स.

उद्या पुन्हा बारा जण. बटाटे संपलेत, सकाळी आणायचे.

४ मे, रविवार

एक माणूस पाण्यात राहिला.

मी ठेवला.

५ मे, सोमवार

दादाला सकाळीच बंदर कार्यालयात बोलावलं. अजून आला नाही. बचावाच्या बोटी कालपासून शोधताहेत. माझी चिमणी उन्हाळी वर्गाला गेली. घरात मी आणि वहिनी.

लिहून काढते. निदान इथे तरी.

तो शिंपी होता. साठीच्या पुढचा, टक्कल, जाड चष्मा, एकटाच आलेला. लेकीने वाढदिवसाला तिकीट काढून दिलं म्हणाला. “आयुष्यभर मान खाली घालून शिवलं, आता जरा वर बघ म्हणते.” सकाळी माझ्या एप्रनचा खिसा लोंबताना दिसला तर पाकिटातून सुई-दोरा काढला! बोटीवर फिरायला आलेला माणूस, आणि दहा मिनिटांत खिसा शिवून दिला. मी म्हटलं, अहो काका, सुट्टी आहे ना तुमची? तर म्हणे, “हाताला नसते.”

पोहायचा छान. सावकाश, पाणी न उडवता. सकाळी पोहून आला तेव्हा बिल्ला त्याने स्वतः वर लावला. नीट, आकडा समोर करून. जेवताना बटाटे दोनदा घेतले.

जेवणानंतर ज्यांना हवं त्यांनी पुन्हा अर्धा तास पाण्यात जायचं, हे नेहमीचं. चार-पाच जण उतरले. बाकीचे पेंगत पडलेले. मग दादाने भोंगा वाजवला आणि पुढे नांगर ओढायला गेला. मी भांडी विसळून बाहेर आले. खालच्या रांगेत तीन बिल्ले — चार, सात, नऊ. चार आणि नऊची ती दोन पोरं माझ्यासमोर टॉवेलात गुंडाळून बसलेली. आणि पुढच्या टोकाला एक माणूस पाठमोरा, डोक्यावर टॉवेल घेतलेला. मला वाटलं, शिंपीकाका.

वाटलं! नुसतं वाटलं!

ओल्या हाताने तिन्ही बिल्ले वर लावले. एकदम. क्षणभराचं काम. आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. दादाने येऊन फळी बघितली, बाराच्या बारा वर. इंजिन सुरू.

चहा द्यायला निघाले. बारा कप. अकरा गेले. एक ट्रेमध्ये राहिला. मी तो हातात घेऊन बोटभर फिरले. टॉवेलवाला माणूस वळला तर तो भलताच कोणी. शिंपीकाकांच्या जागेवर पँट घडी करून ठेवलेली, वर चष्मा. निघून पस्तीस मिनिटं झाली होती.

मी ओरडले. दादाने बोट वळवली. वळवता वळवता त्याने फळीकडे बघितलं. सात वर! मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता विचारेल. नाही विचारलं. तोंड फिरवलं आणि इंजिन पूर्ण वेगात सोडलं.

त्या जागी पोचलो तर पाणी. नुसतं पाणी. लोक हाका मारत होते, त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं. काका, काका, एवढंच.

७ मे, बुधवार

सापडला.

८ मे, गुरुवार

लोक काय म्हणतात ते आज कळलं. बोटीवरच्या सगळ्यांनी सांगितलं की दुसऱ्यांदा उतरताना म्हाताऱ्याने बिल्ला खाली लावलाच नसेल. म्हणून फळीवर सगळे दिसले. त्याचीच चूक.

मी भाजी घेत उभी होते. भाजीवाली मला सांगत होती — मला! — “म्हातारी माणसं ऐकतात कुठे हो.” मी म्हटलं, “हं.”

हं म्हटलं मी. जीभ झडली कशी नाही?

९ मे, शुक्रवार

बोटीला सील लागलं. दादाचा परवाना काढून घेतलाय. चौकशीची तारीख २८. वहिनीचा दिवसभर पट्टा सुरू — “नजर कुठे होती तुमची? एवढे बिल्ले-बिल्ले करता आणि बारा डोकी मोजता येत नाहीत?” दादा खाली मान घालून ऐकतो. पूर्वी मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घ्यायचा.

त्याच्या वाट्याची बोलणी मी खायला हवीत. ताट समोर घेऊन बसते, घास फिरत राहतो तोंडात.

१२ मे, सोमवार

शिंपिणकाकू आल्या. एकट्याच. सामान घ्यायला. दादा घरात नव्हता, वहिनी दुकानात.

पिशवी मी आणून दिली. पँट, शर्ट, चष्मा, चपला, पाकीट. त्यांनी एकेक वस्तू काढून मांडीवर ठेवली. मग विचारलं,

“जेवले का हो ते?”

म्हटलं, जेवले. बटाटे दोनदा घेतले. तर हसल्या! “बटाटा म्हटलं की संपलं त्यांचं.” आणि मग हसताहसताच रडायला लागल्या. मी पाणी आणलं. दुसरं काय आणणार होते मी?

म्हणाल्या, “मला बोट लागते म्हणून मी आले नाही. बाजारात मी पुढे आणि हे मागे रेंगाळत, कुणाच्या सदऱ्याची शिवण बघत. दर चार पावलांवर मागे वळून बघायचे मी. चाळीस वर्षं. त्या दिवशी वळून बघणारं कोणी नव्हतं.”

आणि मग तो प्रश्न. “सगळे म्हणतात त्यांनी बिल्ला हलवला नाही. असं नाही व्हायचं हो. टाचणीसुद्धा जागच्या जागी ठेवणारा माणूस. तुम्ही होतात ना तिथे? तुम्हीच सांगा, लावला होता ना त्यांनी?”

डोळे माझ्यावर. मी म्हटलं, “मी आत होते काकू. भांडी विसळत होते.”

खरं आहे ते. त्याच्याइतकं खोटं मी जन्मात बोलले नसेन.

जाताना त्यांचं लक्ष दारामागच्या एप्रनकडे गेलं. खिसा हातात घेतला, उलटा केला, टाका बघितला. “हा त्यांचाच हात.” मी एप्रन काढून दिला. घडी घालून छातीशी धरून गेल्या. वर मलाच म्हणाल्या, “देव तुमचं भलं करो.”

१३ मे, मंगळवार

काही नाही. दिवसभर काही केलं नाही. चिमणीची वेणीसुद्धा वहिनीने घातली.

१७ मे, शनिवार

आज दादाला सांगायचंच असं ठरवलं होतं. तो अंगणात दोरखंड गुंडाळत बसला होता. बोट नाही, तरी दोरखंड गुंडाळतो. गुंडाळतो, सोडतो, पुन्हा गुंडाळतो. मी जाऊन बसले. म्हटलं, दादा, त्या दिवशी ना मी —

“चिमणीची फी भरली का?”

भरली. दादा, ऐक ना. तो सातचा —

“पाणी आण गं जरा. गार आण.”

आणलं. प्यायला, तांब्या ठेवला, उठून गेला. मी तिथेच. सांगितलं असतं तर? त्याला वाटतंय म्हाताऱ्यानेच घोळ केला, आपण फक्त डोकी मोजली नाहीत. निदान तेवढा तरी आधार आहे त्याला. तो काढून घेऊ? की न काढून त्याला तुरुंगात जाऊ देऊ? कसाही विचार केला तरी मी नालायकच.

खरं कारण वेगळंच आहे. मी भित्री आहे. चिमणीचा बाप गेला सोडून तेव्हा ती दोन वर्षांची होती. मी आत गेले तर ती वहिनीच्या दारात. वहिनी वाईट नाही. पण दुसऱ्याचं दार ते दुसऱ्याचं दार, मला माहीत आहे, मी सात वर्षं त्याच दारात आहे.

२१ मे, बुधवार

वकील आला होता. मी चहा केला. कप मोजून घेतले — चार. पुन्हा मोजले.

तो गेल्यावर वहिनी स्वयंपाकघरात येऊन रडली. म्हणाली, वकील म्हणतो जबाब बदला. म्हाताऱ्याने नियम पाळला नाही असं म्हणा, दंडावर सुटाल. नाहीतर तीन वर्षं धरून चाला. आणि हे ऐकत नाहीत! “मेलेल्या माणसाला खोटं पाडणार नाही,” एवढंच म्हणतात. आधी काय लिहून दिलंय ते मला दाखवतसुद्धा नाहीत.

मला कळेना. दादाला जर वाटतंय की चूक म्हाताऱ्याची, तर म्हणायला काय हरकत? मग वाटलं, तो तसाच आहे. जबाबदारी म्हणजे जबाबदारी. पोरवयात माझ्या हातून काच फुटली तरी बाबांचा मार तोच खायचा, मोठा म्हणून.

तीन वर्षं. दादा त्रेपन्नचा आहे.

२४ मे, शनिवार

चिमणी विचारते, मामा पोहणाऱ्या आजोबांना विसरला का गं?

मी म्हटलं, नाही. मामा कुणाला विसरत नाही.

“मग कोण विसरलं?”

तिच्या पाठीत धपाटा घातला. पहिल्यांदाच. मग तिच्यापेक्षा मीच जास्त रडले. ती बिचारी माझे डोळे पुसत बसली.

२५ मे, रविवार

उद्या जाते. ठरलं.

सकाळी शिंपीकाकांच्या गल्लीतून आले. दुकान बंद. शटरवर कागद, लोकांनी आपापले कपडे काकूंकडून न्यावेत म्हणून. खिडकीत काकू बसल्या होत्या. समोर कुणाचा तरी अर्धवट सदरा, आणि माझा एप्रन त्यांनी घातलेला. मला बघून हात केला. हात!

बस झालं. माझ्यामुळे एक माणूस मेला, वर तो मेल्यावर मी त्याला खोटा ठरवला. आणि जो खरा आहे तो माझ्या जागी तुरुंगात निघालाय. चिमणीला जे व्हायचं ते होईल. मोठी झाल्यावर तिने विचारलं तर निदान तोंड वर करून सांगता येईल.

वहिनीला सांगितलं, उद्या चिमणीला वर्गातून तू आण. का विचारलं नाही तिने. दादा दारात उभा होता. खूप वेळ बघत होता माझ्याकडे. मग म्हणाला, “उन्हाची जाऊ नकोस, छत्री घे.” मी कुठे जाणार ते मी बोललेही नव्हते.

चिमणीचे कपडे धुवून, घड्या घालून ठेवलेत. आठवड्याचे.

२६ मे, सोमवार

बंदर कार्यालयात गेले. सगळं सांगितलं. चार, सात, नऊ, ओला हात, टॉवेल, सगळं. अधिकाऱ्याने मध्ये तोडलं नाही. पण लिहूनही घेतलं नाही. माझं संपल्यावर फाईल उघडली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. दादाचा जबाब. तारीख ५ मे. दादाचंच वाकडं अक्षर —

“सात नंबरचा बिल्ला त्या गृहस्थांनी नियमाने खाली लावला होता. तो मी वर लावला. माझी बहीण कधीतरी येऊन सांगेल की तिने लावला. ती मला वाचवायला असं म्हणेल. तिचं ऐकू नये. तिच्या पदरात लहान मूल आहे.”

अधिकारी म्हणाला, “घरी जा, ताई. भाऊ तुम्हाला चांगला ओळखून आहे.”