डिझेल भरून ठेवणारा चोर

मु. पो. बेलवली, बदलापूर (पश्चिम)
दिवाळीच्या अलीकडचा गुरुवार

कमळाकररावांस,

बेलवलीहून आनंदाचा एका हाताने नमस्कार. दुसरा हात खिशावर आहे, कारण दिवस तसे आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? म्हैस व्याली असेल तर अभिनंदन, नसेल तर डॉक्टर बदला. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, आणि नेमकं तेच मला खटकतंय. घरात एवढी मोठी घटना घडलेली असताना माणसं खुशाल राहतात कशी?

फोन केला असता, पण आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत आणि तुमच्या बहिणीचे, म्हणजे आमच्या संजीवनीचे, कान शाबूत आहेत. मेसेज करावा, तर तो फोन अक्षदाने चालू करून दिलेला. आमची लेक असली तरी पुण्यात बसून ती काय काय वाचते ते मला माहीत नाही. तेव्हा पोस्टच बरं. (पाकिटाच्या जोडावर मी आडवी सही केली आहे. सही मोडलेली असली तर मला लगेच कळवा.)

घटना अशी की, आमचा कॉम्प्युटर चालू होत नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण तो साधा बिलं भरायचा कॉम्प्युटर नाही. अक्षदाने कॉलेजात असताना एकेक भाग जमवून बनवलेला, गेम खेळायचा कॉम्प्युटर आहे. पुण्याला नोकरीला जाताना ती तो इथेच ठेवून गेली, आणि माझ्या वाढदिवसाला तिने त्याला स्टिअरिंग जोडून दिलं. खाली क्लच-ब्रेकसकट. कमळाकरराव, तुम्ही मागे घंटी द्यायचात आणि मी पुढे गाडी सोडायचो, ते दिवस संपल्यावर मी दोन वर्षं नुसता बाल्कनीत बसून होतो. डोळ्यांमुळे जड वाहनाचं लायसन्सही पुन्हा झालं नाही. आता रोज सकाळी आंघोळ करून मी एसटीच्या वेळेवर गाडी काढतो. गेममधली गावं परदेशातली आहेत, पण मी त्यांना आपली नावं दिली आहेत. मुरबाडला बर्फ पडतो, एवढंच. मला गाडी चालवायला मिळते, बाकी माझं काही म्हणणं नाही.

आता लक्षणं ऐका. भिंतीवरचा स्विच टाकला की मी सीपीयूच्या बटणाला हात लावायच्या आधीच आतले पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि स्क्रीनवर काही यायच्या आत सगळं गप्प. हात न लावता चालू होणारी वस्तू तुम्ही कधी पाहिली आहे? विठ्ठलवाडी डेपोतसुद्धा असली गाडी नव्हती, आणि तिथे काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

अक्षदाला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "बाबा, रॅम काढा, खोडरबरने घासा आणि परत लावा." मी पट्टी काढली, घासली, लावली. (खोडरबर नवीन आणलं. घरातलं होतं, पण ते नेमकं त्या दिवशी टेबलावर समोरच पडलेलं होतं. ते तिथे का, हा प्रश्न आहेच.) फरक शून्य. मग ती म्हणाली, वायरी हलवून बघा. हलवल्या. मग ती म्हणाली, "कोणी काही सांडलं का त्याच्यावर?" हा प्रश्न तिच्या डोक्यात आला कुठून, तेही मी लक्षात ठेवलं आहे.

देवाचा कोप म्हणावा, तर पूजेत तिळभर कसूर नाही. दसऱ्याला आपण गाडीची जशी करायचो, तशीच साग्रसंगीत केली होती. सीपीयूला झेंडूचा हार, चाकाखाली ठेवायचं लिंबू चाक नसल्यामुळे टेबलाखाली, आणि स्टार्टरला जसं ओलं हळदीकुंकू आणि अक्षता लावायचो, तसं वरच्या बटणाला. पेढ्याचा नैवेद्यही बटणालाच नीट दाबून लावला, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने पडू नये. तेव्हा माझी बाजू स्वच्छ आहे.

पहिला संशय धर्मेशवर. हा खालच्या मजल्यावरचा, आगरी घरातला मुलगा, स्वतःची रिक्षा आहे. मी सीपीयू चादरीत गुंडाळून जिन्यात दिसलो तर न विचारता म्हणाला, "काका, टेन्शन नको घेऊ, उल्हासनगरला आपला वळखीचा शेठ हाय, चल सोडतो." भाडं घेतलं नाही. वर खड्डा आला की रिक्षा हळू करत होता. रिक्षावाला आणि खड्ड्यात हळू. तुम्हीच सांगा, याच्या मनात काहीतरी असल्याशिवाय होईल का?

दुसरा संशय उल्हासनगरच्या त्या सिंधी शेठवर. आतला माल बदलला जाऊ नये म्हणून निघण्यापूर्वीच मी प्रत्येक भागावर संजीवनीच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, आपण वर्कशॉपला गाडी देताना बॅटरीवर खूण करायचो तसा. शेठने सीपीयू उघडला, ठिपके पाहिले, माझ्याकडे पाहिलं. मग वरची पट्टी बटणासकट काढून बाजूला ठेवली आणि आत कुठल्याशा दोन काड्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. कमळाकरराव, झटक्यात चालू झाला. अर्धा तास चालला. माझी गाडी स्क्रीनवर उभी राहिली तेव्हा दुकानात मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. शेठ म्हणाला, "काका, इसमें कुछ फॉल्ट नहीं है. आपके घर में ही कुछ लोचा है." पट्टी परत बसवून, बांधून दिला. घरी आणून स्विच टाकला. पंखे फिरले, गप्प. ठिपके मोजले, सगळे जागेवर होते.

म्हणजे उल्हासनगरला चालतो आणि बेलवलीला चालत नाही. घरातच लोचा आहे. आणि घरात माणसं किती? मी, आणि तुमची धाकटी बहीण.

हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण पुरावे ऐका. एक तर कॉम्प्युटर बंद पडल्यापासून ती मला एका शब्दाने टोचून बोललेली नाही. लग्नापासून असं कधी झालेलं नाही. उलट सकाळ-संध्याकाळ विचारते, "झाला का हो चालू?" जिने इतके दिवस त्या मशीनला 'तुमचं खूळ' म्हटलं, ती चौकशी का करते? शिवाय सीपीयूवर मुंग्या फिरतात. साखर टाकल्याशिवाय मुंग्या येतात का? आणि तिला कारणही आहे. अंबरनाथच्या डॉक्टरने माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितलाय. ऑपरेशन करून घ्या म्हणून ती उन्हाळ्यापासून मागे लागली आहे. मी म्हणतो, मला स्वच्छ दिसतं. (दिसतं. थोडं धुकं असतं, पण मुरबाडला बर्फ पडतो म्हटल्यावर धुकं असणारच.)

आणखी एक गोष्ट आहे, ती अजून कोणाला सांगितलेली नाही. बंद पडण्याच्या आधी महिनाभर माझ्या गाडीशी कोणीतरी खेळत होतं. मी दुपारी गाडी मुरबाडला लावावी, तर सकाळी ती दुसऱ्याच गावात उभी. बरं, चोराने नुकसान करावं ना. मी सिग्नलला दोन-तीन ठिकाणी घासून ठेवलेली गाडी सकाळी दुरुस्त केलेली, धुतलेली, डिझेलची टाकी काठोकाठ. कमळाकरराव, माझ्या सगळ्या नोकरीत मी डिझेल चोरणारे पाहिले. भरून ठेवणारा हा पहिलाच. याच्याइतका धोकादायक माणूस नाही, कारण त्याला काय हवंय तेच कळत नाही.

तेव्हा भाऊबीजेला याल तेव्हा बहिणीला विश्वासात घेऊन, ओवाळणी ताटात टाकण्यापूर्वी, सरळ विचारा. तुमच्यापुढे ती खोटं बोलणार नाही.

तुमचा,
आनंदा
(सावध)

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. काल संजीवनीने दिवाळीची साफसफाई काढली. जुना टूथब्रश आणि ओलं फडकं घेऊन ती सीपीयूपुढे बसली. मी दारातून लक्ष ठेवून होतो. तिने बटणाच्या कडेने कुंकू, अक्षता आणि वाळून दगड झालेला पेढा कोरून काढला. टिक् असा आवाज झाला आणि आत रुतून बसलेलं बटण वर आलं. पुढे सांगायला नको. चालू आहे. मुंग्यांचंही कळलं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. मशीन सुरू झाल्याबरोबर ती माझ्या खुर्चीत बसली, पदर खोचला, क्लच दाबला आणि गाडी स्टँडवरून अशी बाहेर काढली की आरशाला धक्का नाही. मी दुपारी झोपलो की आणि संध्याकाळी फेरीला गेलो की ती चालवत होती. मी म्हटलं, "डिझेल तू भरायचीस?" ती म्हणाली, "मग काय रिकामी गाडी ठेवू? आणि तुम्ही रोज लाल सिग्नल तोडता. पोचे मोजून मोजून मला कळलं तुमच्या डोळ्यांचं. तुम्ही कुठे सांगताय." नंतर बराच वेळ ती चालवत राहिली आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून राहिलो. सिग्नल लाल झाला की ती थांबायची. मला त्या धुक्यात सिग्नलच दिसत नव्हता.

तेव्हा वरच्या मजकुरातले संशय रद्द समजावेत. धर्मेशवरचा मात्र अजून आहे, कारण तो परवा विचारत होता, "काका, अंबरनाथला कधी सोडू तुला?" त्याला कोणी सांगितलं?

दुसरा ता. क. पाकिटावरची सही मोडलेली दिसेल. ती मीच मोडली, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच लिहायचं राहिलं. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी अंबरनाथला माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तारीख मी स्वतः जाऊन घेतली, संजीवनीला आज रात्री सांगेन. तुम्ही भाऊबीजेला याल ते तेवढे दिवस राहा. आणि आपली जुनी गाडी भंगारात गेली तेव्हा साहेबांना विचारून तुम्ही तिची घंटी घरी नेली होती, ती पिशवीत घालून आणा. संजीवनी म्हणेल, ही कशाला. तिला सांगू नका. मला आत नेतील तेव्हा दारात उभे राहा आणि दोनदा वाजवा. नर्स ओरडली तर ओरडू दे. मला फार भीती वाटते, कमळाकरराव, आणि तुमची डबल बेल झाल्याशिवाय मी आजवर कधी गाडी सोडलेली नाही.