नवशाच्या कमरेची दोरी

माहीम, केळीची वाडी
पौष, १९८६

आये, तुला तानीचा रामराम. चिंतूदादा, आयेला हे सावकाश वाचून दाखव.

आमी दोघं बरी हाव. मुरबे गावची कोळीण दारात मासळी आणते, खायची आबाळ नाय.

तुला आमचं काम ठाऊक हाय. तुझा जावई नवशा नळीनं केळीवर औषध मारायचा, मी मागं पायपंप चालवायची. वरच्या पानाकडं माझी नजर असायची. वारा त्याच्या तोंडावर फिरला की मी पाय उचलायची, फवारा तिथंच बंद.

आता शेठनं पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा पंप आणला. म्हणाला, "एक माणूस पुरे. तानी, तू घरी जा."

नवशा एकटा गेला. त्या यंत्राच्या आवाजात माझी हाक पोचेना. संध्याकाळी त्याचे डोळे लाल, खाल्लेलं सगळं ओकला. आता बरा हाय, काळजी करू नको.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कमरेला दोरी बांधली आणि मागं चालले. वारा फिरला की ओढते, तो यंत्र बंद करतो. शेठ ओरडला, "बैल हाय का तो? सोड दोरी, नायतर दोघं निघा."

मी म्हटलं, "दोरी सोडते. यंत्र तुमी पाठीवर घ्या."

शेठनं ते उचललं नाय, आज सकाळपासून यंत्र ओट्यावर पडून हाय. शेजारच्या वाडीतली ठमीपण तिच्या नवऱ्यासाठी दोरी शोधतेय.

तुझ्याकडं ठेवलेल्या माझ्या चिमीचा खोकला गेला का? ती माझी आठवण काढते का? तिला सांग, तिच्या झोळीची दोरी मी गाठोड्याला बांधून आणली होती. तीच ही. शेठच्या बापाला तुटायची नाय.

तुझी लेक,
तानी