कलम सात आणि वहिनींचं दार

३ मार्च
महासंघाची बैठक. अखेर ठरलं. देशात व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू होणार. आजवर प्रत्येक शहर आपापल्या मैदानात खेळत होतं आणि वर्षातून एकदा चषकासाठी एकत्र येऊन पंचांना शिव्या देत होतं. आता बारा क्लब, लांबलचक मोसम, खेळाडूंना पगार. कुणाला आत घ्यायचं याच्या अटी लिहायला नियमावली उपसमिती. कोण तयार आहे, असं विचारल्यावर सगळे एकदम टेबलावरच्या बिस्किटांकडे बघायला लागले. मी हात वर केला. निवड एकमताने झाली. उपसमितीत मी एकटाच आहे. माझ्या निःपक्षपातीपणावर लोकांचा किती विश्वास आहे ते यावरून दिसतं.
संकल्प: अटी लिहिताना आपल्या क्लबचा विचार मनात आणायचा नाही. आणायची गरजही नाही. एवढा जुना क्लब, तो येणारच.

४ मार्च, सकाळी
कालचा संकल्प तपासला. 'तो येणारच' हे वाक्य पक्षपाती आहे का? दाढी करताना बराच विचार केला. नाही. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणणारा माणूस पूर्वेचा पक्षपाती नसतो. हनुवटीला कापलं.
बायको म्हणाली, एकट्याचीच समिती, मग भांडणार कुणाशी? तिचा समज आहे की मला वाद घालायला आवडतं. आवडत नाही हे तिला पटवण्यात ऑफिसला उशीर झाला.

९ मार्च
लीगच्या सल्लागाराची भेट. बूट आहेत, आत मोजे नाहीत. प्रेक्षकांना ग्राहक म्हणतो, सामन्याला प्रॉडक्ट, खेळाडूंना कंटेंट. मी कुत्सितपणे विचारलं, मग चेंडूला काय म्हणायचं? त्याने प्रश्न लिहून घेतला. शिसारी आली. या लोकांच्या हातून खेळ वाचवायचा असेल तर नियम कडक हवेत.

१५ मार्च, रविवार
मोसमातला शेवटचा सामना, आपल्या मैदानावर. २–१ ने जिंकलो. दोन्ही गोल वहिनींच्या कोपऱ्यातून.
लिहून ठेवतो, कारण सल्लागारासारख्यांना हे कधी कळणार नाही. आपल्या मैदानाचा उत्तरेकडचा कोपरा ग्राउंडमनच्या खोलीला टेकलेला आहे. कॉर्नरचं निशाण त्याच्या उंबऱ्याशेजारी. रनअपला जागा नाही. म्हणून त्या बाजूला कॉर्नर मिळाला की सगळं मैदान ओरडतं, "वहिनी, दार!" ग्राउंडमनची बायको दार उघडते. खेळाडू आत जातो, खाटेपर्यंत मागे सरतो आणि तिथून धावत बाहेर येऊन किक मारतो. चेंडू असा वळतो की पाहुण्या गोलकीपरला वाटतं घरातूनच कुणीतरी फेकला. वहिनींची अट एकच, पाय पुसून आत यायचं. याला म्हणतात परंपरा. हे विकत मिळत नाही.

२२ मार्च
मेहुणा जेवायला. बिस्किट कारखान्याने गेल्या वर्षी क्लब काढला, हा त्याचा मॅनेजर. म्हणाला, "भावोजी, आम्हीपण अर्ज टाकतोय. तुमचा आशीर्वाद असू द्या." बायकोने त्याला दुसऱ्यांदा भाजी वाढली. मला विचारलंही नाही.
त्यांचा शुभंकर म्हणजे पाय फुटलेलं बिस्किट. मध्यंतरात ते नाचतं. त्यांच्या मैदानाच्या कडेला जाहिरातींच्या फळ्या इतक्या जवळ लावल्यात की गेल्या वर्षी आमचा विंगर पळतापळता थेट क्रीमच्या बिस्किटात घुसला. खांदा निखळला. मेहुण्याने दवाखान्यात त्याला बिस्किटाचे पुडे नेऊन दिले. किळस येते.

२ एप्रिल
आज कलम सात लिहिलं. न्याहाळून न्याहाळून वाचतोय.
'मैदानाच्या चारही बाजूंना पाच मीटर मोकळी जागा असावी. तिच्यात भिंत, फळी, बांधकाम वा राहती खोली नसावी. पहिल्या पाहणीचा निर्णय अंतिम राहील. त्यानंतर केलेली दुरुस्ती विचारात घेतली जाणार नाही.'
'राहती खोली' हे शब्द खरं म्हणजे लागत नव्हते. पण वाक्याला वजन आलं. शेवटची दोन वाक्यं मेहुण्यासारख्या माणसांसाठी. असे लोक पाहणी झाल्यावर गयावया करतात, आणि आपण विरघळतो. कायद्याने विरघळू नये.
स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: लिहिताना मेहुण्याच्या फळ्या डोळ्यांपुढे होत्या का? होत्या. पण तत्त्व आधी सुचलं, फळ्या मागाहून आठवल्या. क्रम महत्त्वाचा.
बायकोला वाचून दाखवलं. ती कपडे घडी करत होती. म्हणाली, मग वहिनी कुठे राहणार? तिचं हे असंच. कायदा सांगावा तर हिला माणसं आठवतात. मी म्हटलं, विषय फळ्यांचा चाललाय. ती म्हणाली बरं.

१८ एप्रिल
नियमावली मंजूर. कुणी एक शब्द बदलला नाही. कुणी एक शब्द वाचलाही नसावा, पण ते वेगळं. पाहणी करणारा माणूस परगावचा, निवृत्त पंच असावा, कुणाचा पाहुणा नसावा, हा माझा आग्रहही मान्य झाला. तीस अर्ज आलेत, जागा बारा. क्लबवर मुलांना जमवून सांगितलं, निश्चिंत राहा. कॅप्टनने विचारलं, नक्की ना? त्याला दुसरीकडून बोलावणं आहे म्हणे. म्हटलं, अरे, नियम लिहिणारा तुमच्या घरातला आहे. हे बोलायला नको होतं का? घरी येताना विचार केला. वाक्य वस्तुस्थितीला धरून होतं.

२५ एप्रिल
मेहुण्याने फळ्या हलवल्या. एका दुपारी टेम्पो लावून सरळ मागे नेल्या. ना विनंती, ना रदबदली. नियम वाचला आणि पाळला! या माणसांना कसलाच विधिनिषेध नाही.

१२ मे
पाहणी.
निवृत्त पंच सकाळीच आला. गळ्यात अजून शिटी. तीन बाजू मोजल्या, मान डोलावली. ऊन चढलं होतं. मी म्हटलं, जरा सावलीत बसा. वहिनींनी खाट पुढे ओढली, चहा टाकला. तो खाटेवर बसला, बशीत चहा ओतला, आणि दारातून बाहेर बघत राहिला. समोर कॉर्नरचं निशाण. हात लांब केला असता तर धरता आलं असतं.
त्याने विचारलं, "मी आत्ता कुठे बसलोय?"
ग्राउंडमन म्हणाला, "आमच्या घरात, साहेब."
"तुम्ही इथे राहता?"
"राहतो म्हणजे, इथेच सगळं."
त्याने चहा संपवला. बशी विसळू का म्हणून वहिनींना विचारलं. मग खिशातून नियमावली काढून कलम सात मोठ्याने वाचलं. 'राहती खोली'पाशी थांबून खाटेवरून उठून उभा राहिला, जणू आपण कुठेतरी नको तिथे बसलो होतो. मला म्हणाला, कुणी लिहिलंय हो हे? फार नेटकं आहे. एकही पळवाट नाही.
खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं.

१२ मे, संध्याकाळी
वीस वर्षं मी या क्लबचा सेक्रेटरी. ती खोली मला दिसली कशी नाही? उत्तर: परंपरा दिसत नसते, ती जाणवते.
जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं. 

१३ मे
मार्ग सापडला. अहवाल वर जायला आठवडा आहे. तेवढ्यात खोलीच नसेल तर अडचण कसली? क्लबच्या अध्यक्षांकडे गेलो. ते दातांचे डॉक्टर, खुर्चीत पेशंट होता. त्याच्या तोंडात यंत्र धरूनच त्यांनी खोली पाडायच्या कागदावर सही केली. ग्राउंडमनला सांगितलं, तात्पुरतं जर्सीच्या खोलीत राहा, नवी खोली बांधून देऊ, आत नळ असलेली. तो म्हणाला, नळ खरंच? त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की मला त्याचीच थोडी किळस आली. मग कुणाची ते नीट ठरवता आलं नाही.
हे योग्य आहे का? क्लब वाचला तर सगळे वाचतील. खोली ही वस्तू आहे. योग्य आहे.

१६ मे
खोली पाडली. वहिनी रडतील म्हणून दोन वाक्यं तयार ठेवली होती, त्याग आणि इतिहास यांवर. वहिनी पदर खोचून भांडी बाहेर काढत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं भाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून कुणी ना कुणी बूट घालून घरात घुसतंय. एकदा तर आमटीत चिखल उडाला. दार वाजलं की अजून छातीत धडधडतं."
मी म्हटलं, कधी बोलला नाहीत?
"बोलले की. पाय पुसून या म्हणाले."
दोन्ही वाक्यं तशीच खिशात राहिली.
कोपरा आता सपाट. छान मोकळा. बघवत नाही.

१९ मे
महासंघात स्वतः गेलो. म्हटलं, खोली नाही, येऊन मोजा. सल्लागाराने कलम सात पुढे सरकवलं. पहिल्या पाहणीचा निर्णय अंतिम. त्यानंतर केलेली दुरुस्ती विचारात घेतली जाणार नाही.
मी म्हटलं, या कलमाचा अर्थ लावायचा अधिकार कुणाला आहे? पदाधिकारी म्हणाले, नियमावली उपसमितीला.
बाहेर बाकावर बसून उपसमितीची बैठक घेतली. दोन्ही बाजू ऐकल्या. कलमात खरंच पळवाट नव्हती. उपसमिती विरघळली नाही.
आत जाऊन निर्णय कळवला. कुणी हात मिळवला नाही. सल्लागार फक्त म्हणाला, "वॉव."

२० मे
बायकोला सांगितलं. वाटलं होतं, निदान ताठ मानेबद्दल तरी काही म्हणेल. ती म्हणाली, म्हणजे वहिनींचं घरही गेलं आणि तुमची जागाही गेली? तिचा हिशेब दोनदा तपासला. चूक सापडली की लिहीन.

११ जून
बारा क्लबांची नावं जाहीर. बिस्किटवाले आत. मेहुण्याचा फोन. "भावोजी, वाईट वाटलं हो," म्हणाला. पाठीमागे कुणीतरी ढोल बडवत होतं.
कॅप्टन त्यांच्याकडे गेला. दोन डिफेंडर त्याच्यामागे. ज्या विंगरचा खांदा निखळला होता तोही गेला! कुठे गेला स्वाभिमान? म्हणतो, सर, फळ्या आता लांब आहेत.
संकल्प: उरलेल्या मुलांना घेऊन जुन्या पद्धतीने, पगाराविना, शुद्ध फुटबॉल खेळायचा. पहिला सराव रविवारी.

१४ जून, रविवार
सरावाला चौघे आले. त्यातला एक बॅग विसरला होता म्हणून आला होता.

२ जुलै
ग्राउंडमन आणि वहिनी चालले. मेहुण्याने त्याला नोकरी आणि राहायला कारखान्याचं क्वार्टर दिलं. आत नळ. जर्सीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात देताना ग्राउंडमन म्हणाला, राग मानू नका. मी म्हटलं, छे. राग आलाय का ते तपासलं. तपासायची गरज नव्हती.
कोपऱ्यात गवत उगवतंय. चौकोनी. खाटेच्या जागी अजून उगवलेलं नाही.

५ सप्टेंबर
देशातल्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना. मेहुण्याने पास पाठवले. जाणार नव्हतो. केवळ कलम सातची अंमलबजावणी बघायला गेलो.
उबग आणणारा प्रकार. धूर, कर्णे, नाचणारं बिस्किट. बायको टाळ्या वाजवत होती. शेजारच्याला तिने सांगितलं की नियम यांनी लिहिलेत. तो म्हणाला, कसले नियम?
विसाव्या मिनिटाला कॉर्नर. उत्तरेकडच्या कोपऱ्यात बघतो तर एक दार. नुसतं दार, चौकटीसकट, गवतात उभं. वर बिस्किटाचं चित्र. सगळं स्टेडियम एका आवाजात: "वहिनी, दार!" मी ओरडलो नाही. बायको म्हणते, तुमचाच आवाज पुढे होता.
कारखान्याची टोपी घातलेल्या वहिनींनी दार उघडलं. आमचा कॅप्टन दारामागून धावत आला. गोल.

मध्यंतरात मेहुणा धापा टाकत आला. "भावोजी, पाहणी झाल्यावर लावलंय हो ते. सल्लागाराची आयडिया. पाच मीटरच्या आत येतं. कलम सात आडवं येईल का? तुम्हीच सांगा, तुमच्याशिवाय कुणाला कळणार?"
कैक महिन्यांनी कुणीतरी मला विचारलं होतं. मला राहवलं नाही. नियमावली खिशात होतीच. भिंत, फळी, बांधकाम, राहती खोली. पुन्हा वाचलं. दाराबद्दल काही नाही.
त्याला तसं सांगितलं. त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, देवमाणूस आहात.
तरी जागेवर जाऊन खात्री करावी म्हणून उतरलो. वहिनी दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. म्हटलं, कसं चाललंय? म्हणाल्या, छान आहे भाऊ, इथे निदान कुणी घरात तरी येत नाही. मी म्हटलं, जरा पलीकडून मोजतो. दाराला वळसा घालून जाता आलं असतं. लक्षातच आलं नाही. वहिनींनी दार उघडलं आणि सवयीने म्हणाल्या, "पाय पुसून."
पलीकडेही गवतच होतं. मी पाय पुसले.