सराईवालीची कामं

गिम्बाल,
१४ ऑक्टोबर २०१८

ती. थोरली बहीण मानांग इतांग हिला धाकट्या भावाचा, पोल्दोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून तीन आठवडे होऊन गेले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तुमच्या मठात फोन चालत नाही आणि माझा हात आता लिहिताना थरथरतो, त्यात पावसाने टपालवाला दोनदा आलाच नाही. खोकल्याचं औषध घेतेस का? मागेही विचारलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस. म्हणजे घेत नसणार.

मुख्य बातमी अशी की माझ्या लेकाची, लेमची पेटी आली. तो जाऊन आठ महिने झाले आणि जहाजवाल्यांना आता पेटी सापडली. दोन डांगऱ्या, चपला, तू पाठवलेली जपमाळ, सुक्या आंब्याचं अर्धं पाकीट आणि त्याचा लॅपटॉप. चारिंगने, आईच ती, डांगऱ्या नाकाला लावल्या. इंजिनाच्या तेलाचा वास येतो. धुवायच्या नाहीत म्हणून तिने मला बजावलं, जसा काही मी आयुष्यभर घरचे कपडे धूत आलोय.

मानांग, लॅपटॉप उघडला तर त्याचा तो गेमच समोर आला. सुट्टीवर आला की तो ओटीवर बसून खेळायचा आणि मी शेजारी बसून कुरकुर करायचो की चौतिशीला आलेला बाप्या घोडे काय पळवतो. पण बघून बघून कुठलं बटण कशाला ते मलाही कळलं होतं. त्यात एक माणूस असतो, तो गावोगाव हिंडून लोकांची कामं करतो. त्या माणसाचं नाव आपल्याला हवं ते ठेवता येतं. लेमने त्याचं नाव पोल्दो ठेवलंय. डाव्या भुवईवर, जीपचा हँडल लागून मला खूण पडली ना, तिथेच खूणही काढलीय. मला हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. शेजारी बसून मला कसं दिसलं नाही कोण जाणे. मी त्या माणसाची फक्त पाठ बघत होतो.

आणि बाजूला एक यादी आहे, राहिलेल्या कामांची. अकरा कामं.

तुला आपल्या वडिलांची, तातायची आठवण आहे ना? तो गेला तेव्हा इस्कोची होडी डांबरून द्यायचा शब्द त्याच्यावर होता. वर्ष भरलं तरी लोला आजीने सुतकाचं काळं उतरवू दिलं नाही. शब्द पुरा झाल्याशिवाय माणूस निघत नाही म्हणाली. मग तू आणि मी दोन दिवस डांबर फासलं, तुझी वेणी चिकटली आणि कापावी लागली. लेमचं वर्ष ११ फेब्रुवारीला भरतं. त्याच्या आत ही अकरा कामं मी उरकणार. मग छातीवरची काळी फीत काढीन. आधी नाही.

चारिंगचा नमस्कार. धाकट्यावर जीव आहे तसाच ठेव.

तुझा,
पोल्दो


मठातून,
२९ ऑक्टोबर २०१८

चि. पोल्दोस मानांगचे अनेक आशीर्वाद.

औषध घेते. आता तरी गप्प बसशील?

पत्र वाचून हसू आलं आणि मग बागेत जाऊन बसावं लागलं. वेणीची आठवण काढलीस. लोकांना वाटतं मी इथे आल्यावर केस कापले. खरं म्हणजे ते त्या होडीनेच कापले, मठाला फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

चारिंगचंही पत्र आलं. तुला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगते. तू दुपारभर त्या यंत्रासमोर असतोस, दोनदा भात करपवलास आणि खुराड्यातल्या कोंबड्यांना पाणी द्यायचं विसरलास. तिला एकटीला जेवावं लागतं. पोल्दो, मुलगा तिचाही गेलाय.

लेमने तुझं नाव त्या माणसाला दिलं याचा मला आनंद झाला. पण होडी खरी होती. इस्को खरा होता, रोज येऊन दारात थुंकायचा. त्या गेममधल्या लोकांना लेमने शब्द दिला होता असं तुला कशावरून वाटतं? कसली कामं आहेत ती, जरा सविस्तर लिही. मला त्यातलं काही कळत नाही आणि न कळता तुला अडवायचं नाही.

रोज तुम्हा दोघांची नावं प्रार्थनेत घेते.

तुझी,
मानांग


गिम्बाल,
२५ नोव्हेंबर २०१८

ती. मानांगला शि. सा. न.

भात एकदाच करपला. दुसऱ्यांदा नुसता लागला होता.

कामं विचारलीस. एक सराई आहे, तिथे हेल्गा नावाची जाडजूड बाई बसते. सगळी कामं तीच सांगते. अमक्या गावच्या गिरणीवाल्याला चिठ्ठी पोचव. तमक्याची शेळी हरवलीय ती शोध. गुहेतले लांडगे मार. लांडगे मारायला मला आवडत नाही, ते अगदी आपल्या बोर्दोक कुत्र्यासारखे दिसतात. पण मारतो. सगळं इंग्रजीत आहे, मी चौथीत शाळा सोडलेला, तेव्हा लेमची शाळेतली डिक्शनरी मांडीवर घेऊन बसतो. हेल्गाचं बोलणं झालं की खाली दोन ओळी येतात. पहिली आखूड आहे, हो म्हणायची. ती मी दाबतो. दुसरी लांबलचक आहे, ती वाचण्यात वेळ कोण घालवतो.

आता काळजी सांगतो. अकराची चार झाली होती. मी चारिंगला म्हणालोसुद्धा की पाद्रीबाबांना तारीख सांगून टाक. दुसऱ्या दिवशी बघतो तर नऊ! कुठल्याही कामावरून परत आलो की हेल्गा म्हणते, पोल्दो, बरं झालं आलास, अजून एकच काम आहे. तीच शेळी तीनदा हरवली, मानांग. बांधून का ठेवत नाहीत? मला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय. चिठ्ठी चुकीच्या माणसाला जात असेल. लेम असता तर एका दिवसात उरकलं असतं. तो कामाला कधी नाही म्हणाला नाही.

चारिंगशी भांडण झालं. तिला वर्षाच्या जेवणाला डुक्कर सांगायचंय, आचारी सांगायचाय, गावातला सगळा बारंगाय जेवायला बोलवायचाय. मी म्हणालो, यादी संपल्याशिवाय नाही. ती म्हणाली, तुझी यादी तुझ्यापाशी, मी माझं काळं उतरवणार, तू बस तुझ्या त्या सराईवालीकडे. सत्तरीच्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. वर शेजारणीला सांगितलं की नवऱ्याने दुसरी बाई ठेवलीय, तीही परदेशी.

तू तरी तिला समजावून लिही. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

पोल्दो


मठातून,
११ डिसेंबर २०१८

चि. पोल्दोस आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा फाडलं.

आमच्याकडे औरोरा नावाची नवी मुलगी आलीय, तेवीस वर्षांची. संध्याकाळच्या बोलायच्या तासाला मी तिला तुझी हेल्गा सांगितली. ती लाजून लाल झाली. मठात येण्याआधी दोन वर्षं तिने तोच गेम खेळला होता म्हणे, आणि आल्यावर ते पाप म्हणून सांगितलंही होतं.

ती म्हणाली की त्या गेममध्ये एक खरी मोठी गोष्ट असते, ती संपते. पण सराईवालीची कामं संपत नाहीत. ती कुणी लिहिलेलीच नसतात. यंत्र आपोआप एक गाव, एक माणूस आणि एक हरवलेली वस्तू उचलतं आणि जोडून देतं. एक केलं की दुसरं तयार. शंभर वर्षं बसलं तरी यादी रिकामी होत नाही. खेळणाऱ्याला करमावं म्हणून तसं केलेलं असतं. तुझं काही चुकत नाहीये, पोल्दो. शेळी तीनदा हरवते कारण तिला तसंच केलंय.

त्यात लेमचा शब्द एकही नाही. त्याने कुणाला वचन दिलं नव्हतं. त्याच्या वेळची ती अकरा कामं तर तू केव्हाच केलीस, ही सगळी नंतरची.

औरोराला मी विचारलं की मग खेळ थांबवायचा कधी. ती म्हणाली, ज्याचं त्याने ठरवायचं.

रागावशील, माहीत आहे. रागाव, पण उत्तर लिही.

तुझी,
मानांग


गिम्बाल,
२० डिसेंबर २०१८

मानांगला नमस्कार.

तुझ्या त्या औरोराला काय कळतं? जिला दोन वर्षांत गेम संपवता आला नाही आणि मठात पळून यावं लागलं, तिचं मी ऐकू? न संपणारं काम कुणी मुद्दाम बनवील का? कशाला बनवील? माणसं अशी नसतात.

सहा राहिलीत. फेब्रुवारीपर्यंत होतील.

नाताळाच्या शुभेच्छा. चारिंग बरी आहे. जास्त लिहीत नाही.

पोल्दो


मठातून,
७ जानेवारी २०१९

चि. पोल्दो,

अनेक आशीर्वाद. तू नाताळात इतकं कोरडं पत्र पाठवलंस की माझं मलाच समजलं, आता मला उरलेलं बोललं पाहिजे. गेले अकरा महिने मी ते पोटात ठेवलंय.

लेम मला जहाजावरून लिहायचा, तुला माहीत आहे. त्याचं शेवटचं पत्र गेल्या जानेवारीतलं. त्यात त्याने लिहिलं होतं की तिया आत्या, मी थकलोय. इंजिनरूमच्या उष्म्यात छातीत दुखतं. घरी येऊन जीपच्या अड्ड्यावर छोटं दुकान टाकावं म्हणतो. माझ्या तातायला सांगायला गेलं की तो ऐकत नाही, तुम्ही माझ्यासाठी त्याला लिहाल का.

मी तुला लिहिलं नाही. मी त्याला लिहिलं की वडिलांचं ऐक, बाळा, देव बघतोय. त्याला ते पत्र मिळालं की नाही तेही मला माहीत नाही. मिळालं नसावं अशी मी रोज प्रार्थना करते. चाळीस वर्षं प्रार्थना करणाऱ्या बाईने ही एवढीच प्रार्थना करावी!

मी त्याचं पत्र कुणाला दाखवलं नाही. आता सोबत पाठवते. तू त्याला काय म्हणाला होतास ते मी विचारत नाही. पण ती यादी तू संपवायला बसलायस असं मला वाटत नाही. ती संपू नये म्हणून बसलायस.

तुझी गुन्हेगार,
मानांग इतांग


गिम्बाल,
१२ फेब्रुवारी २०१९

ती. मानांग इतांग हिला पोल्दोचा शि. सा. न. वि. वि.

लेमचं पत्र मिळालं. महिनाभर खिशात घेऊन फिरलो. चारिंगला कालच दाखवलं.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. त्याने मला तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा म्हणाला, ताय, आता बस करतो. मी म्हणालो, वादळात छप्पर गेलंय, अजून एकच करार कर. दुसऱ्यांदा चारिंगच्या गुडघ्याचं निमित्त होतं. मी म्हणालो, अजून एकच. तिसऱ्यांदा, मानांग, कारणच नव्हतं. छप्पर झालं होतं, गुडघा झाला होता. मला जीपच्या अड्ड्यावर बसून माझा लेक जहाजावर आहे म्हणायला बरं वाटायचं, एवढंच. फोनवर तो हो ताय म्हणाला, आणि जेवलात का विचारलं. पंधरा दिवसांनी पाळी संपवून तो बंकवर आडवा झाला तो उठलाच नाही.

आता काल काय झालं ते ऐक. लेमच्या वर्षाची मिस्सा चर्चमध्ये दहाला होती. चारिंगने डुक्कर सांगितलंच होतं, मला न विचारता. मी पांढरा सदरा घालून, वर काळी फीत लावून लॅपटॉपसमोर बसलो. यादीत सात कामं होती. सराईत गेलो. हेल्गा म्हणाली, पोल्दो, बरं झालं आलास, अजून एकच काम आहे. इतके महिने ऐकत होतो. काल पहिल्यांदा ऐकू आलं. तो माझाच आवाज होता, मानांग. आणि मला वाटलं, लेमने त्या बाईसमोर उभं राहून हेच किती वेळा ऐकलं असेल, जहाजावर, पाळी संपल्यावर.

पहिल्या ओळीवर बोट गेलं आणि थांबलं. मग ती दुसरी लांब ओळ वाचली. एक शब्द येत नव्हता, डिक्शनरीत शोधला. थकलेला, असा निघाला. आत्ता नको, मी थकलोय, अशी ती ओळ होती. पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

मी ती दाबली. मला वाटलं हेल्गा चिडेल, काहीतरी ऐकवील. ती म्हणाली, मग घरी जा, पोल्दो. काम कुठे पळून जात नाही.

एवढंच म्हणाली. एवढंच म्हणायचं होतं. कुणी न लिहिलेली कामं सांगणाऱ्या त्या यंत्रातल्या बाईला जे आलं, ते मला तीन फोनांत आलं नाही.

चारिंग बोलवायला आली तेव्हा मी रडत होतो. माझ्या छातीवरची फीत तिनेच काढली, मग मी तिची काढली. टाचणी माझ्या बोटाला टोचली तर म्हणाली, आयुष्यभर जीप चालवली आणि एक टाचणी धरता येत नाही. मिस्सा झाली. सगळा बारंगाय जेवून गेला. लोक म्हणाले, आता लेम सुखाने गेला. मी मान हलवली. तो कधीच गेला होता, मानांग. मीच त्याला जाऊ देत नव्हतो, तेव्हाही आणि नंतरही.

लॅपटॉप झाकून त्याच्या डांगऱ्यांमध्ये ठेवला आहे. आतला पोल्दो सराईच्या दारात उभा आहे. राहू दे.

तू स्वतःला गुन्हेगार लिहिलंस, ते पुन्हा लिहू नकोस. औरोराला म्हणावं, म्हाताऱ्याला माफ कर. माया आहे तेवढी असू दे. आणि मानांग, या पत्राचं उत्तर लगेच लिहायला पाहिजे असं नाही. थकली असलीस तर लिहू नकोस. मी समजून घेईन.

तुझा,
पोल्दो