नवसूदादाच्या कॉलेजचा फॉर्म

१० एप्रिल २०१६, सरावली
लिहीन लिहीन म्हणत दोन महिने वही उशाखालीच. नवसूदादाचा फॉर्मही तसाच पडलाय. मामाचा हा मुलगा सतरा वर्षं फौजेत नर्सिंग असिस्टंट होता, आता तलासरीला कंपनीच्या गेटवर वॉचमन. त्याला डी.फार्मसी करायचीय. विवळवेढ्याला, पाड्याजवळ, स्वतःचं औषधांचं दुकान. फी कोण देईल ते शोधायचं काम माझ्याकडे. बारावी नापासाकडे. का, तर मी रिकामा आणि नाहीतरी फिरतच असतो.

१३ एप्रिल
ठाण्याला जाऊन आलो. सैनिकांच्या ऑफिसातले साहेब नीट बोलले. शिष्यवृत्ती आहे, पण मुलांना आणि विधवेला. फौजी स्वतः शिकणार म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग एका ट्रस्टचा पत्ता दिला. ते माजी सैनिकाची स्वतःची फी भरतात. शेवटची तारीख ३१ मे.
जयूवहिनीला सांगितलं तर हसत सुटली. "म्हंजे हा मेला तर मी शिकायची!"

२३ एप्रिल
चूक झाली. पाड्यावर फॉर्म भरायला बसलो. दादाचं डिस्चार्ज बुक मोठ्याने वाचत गेलो. उंची, रक्तगट, वैवाहिक स्थिती अविवाहित.
वहिनी भाकरी थापत होती. हात थांबला.
लग्न लागलेलं नाही, यात आम्हा आदिवासींत नवल नाही. आधी घर, लग्न जमेल तेव्हा. दादा-वहिनीने घर मांडलं त्याला बारा वर्षं झाली. कित्येकांचं तर पोरांच्याच मांडवात लागतं. पण फौजेला हे कोण सांगणार...
"बारा वर्सं तिथं कागदावर एकटाच होतास?"
"दाखला मागत होते. कुठनं आणू?"
"मंग तू मेलास तरी मी विधवा नाय."
मी उठलो. विवळवेढ्याची जत्रा भरलीच होती. पाळण्यात बसलो, दोनदा.

२ मे
ट्रस्टचा फोन. रेशनकार्डावर बायको आहे, फौजेच्या कागदावर नाही. लग्नाचा दाखला जोडा. ग्रामसेवक म्हणाला, लग्न लावा, दाखला लगेच देतो, भटजीच्या सहीच्या जागी धवलेरीचा अंगठा चालेल. आमची लग्नं तीच लावते, गाऊन.
वहिनी म्हणाली, "फॉर्मासाठी लगीन? मी नाय बसायची." दोन्ही पोरं घेऊन उधव्याला गेली, आईकडे.

१९ मे
माझं बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक दादाने नेलंय. गेटवर वाचतो. पुस्तक कोरंच होतं. वहिनीचं नाव काढत नाही. एवढंच म्हणाला, "धवलेरीला सांगून ठेव. लग्नाचे दिवस आहेत, रिकामी मिळायची नाही."
तिच्याकडेच निघालो होतो. वाटेत चिकूचा टेम्पो घेऊन दोस्त भेटला. तीन दिवस वापी. धवलेरी राहिली.

२४ मे
उधवा. वहिनीने पाणी दिलं.
"तुज्या दादानं पाठवला?"
"नाय, मीच आलो."
"तेच तर. बारा वर्सांत एकदा न्यायला आला नाय. चिठ्ठी, नायतर फोन. आता तू."
दादाला जसंच्या तसं सांगितलं. बूट पॉलिश करत होता. करत राहिला.

२८ मे
दादाने पहिल्यांदाच ड्युटी चुकवली. सकाळच्या गाडीने उधव्याला गेला, संध्याकाळी एकटाच परत.
"वहिनी बोलली?"
"सासू बोलली."
"काय?"
"जेव म्हणाली."
धवलेरीला सांगितलं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

२९ मे, सकाळ, पाड्यावर
खरं सांगून टाकायचं ठरवून आलो. दादा फॉर्म घडी घालून ट्रंकेत ठेवत होता. म्हटलं, दादा, ऐक, ती धवलेरी...
तेवढ्यात अंगणात कुणीतरी काठी आपटली. दारात धवलेरी. घामाघूम, काखेत बोचकं. दादा माझ्याकडे बघतोय, शाबासकी दिल्यासारखा.
म्हातारी ओट्यावर टेकली. "उधव्याच्या पोरीचा सांगावा आला, म्हणून आले. भिंतीवर लग्नाचा चौक लिहायला तांदूळ भिजत घातले का नाय?"