दट्ट्यापेटीची दुरुस्ती

तीर्थरूप दाजी,

गुडघा जिथवर वाकतो तिथवर वाकून नमस्कार. राहिलेला मनातल्या मनात पुरा केला आहे. अक्काचा खोकला, तुमची साखर आणि कारखान्याचं ते किरकिरणारं शटर, तिघांची तब्येत कशी आहे ते कळवा. इकडे आम्ही सगळे मजेत. मुलगा ऑफिसात, सूनबाई बँकेत आणि मी बालवाडीत. (दचकू नका, पुढे सांगतोच.)

पाच वर्षांनी ह्याला आज कुठून आठवण झाली, म्हणून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असेल. तेव्हा एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, मी अजून रागावलेला आहे. त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर मी जोडलेल्या ड्रॉवरवरून तुम्ही बोट फिरवलंत आणि म्हणालात, "हात हलायला लागलाय तुझा. आता तू मापं घे, कापू नकोस." ते मी विसरलेलो नाही. एकतीस वर्षं तुमच्याकडे सुतारकाम केलेला माणूस मी, तुमचा सख्खा मेहुणा. कानावरची पेन्सिल तुमच्या टेबलावर आपटली आणि चालता झालो, तेही विसरलेलो नाही. (पेन्सिल तुमचीच होती. असो.) तो राग मी नीट घडी घालून कपाटात ठेवलाय, लागला तर काढता येईल. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे, असं धरून वाचा.

आता मुद्द्याचं. (मुद्दा असा काही नाही, पण पत्रात असं म्हणावं लागतं.) माझी नात साडेतीन वर्षांची झाली. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण पाय म्हणून ठरत नाही. तुम्ही तिला अजून पाहिलेलंच नाही, हा माझ्या रागाचा एक तोटा म्हणायचा. सूनबाईनं तिला माँटेसरी पद्धतीच्या शाळेत घातलं. माझ्या समजुतीप्रमाणे बालवाडी म्हणजे बाईंनी टाळ्या वाजवायच्या, पोरांनी भोकाड पसरायचं आणि म्हाताऱ्यांनी फाटकाबाहेर घुटमळायचं. इथं तसं नाही. मूल रुळेपर्यंत घरातल्या एका मोठ्या माणसानं वर्गात कोपऱ्यात बसायचं, असा नियम. मोकळं कोण आहे, असा प्रश्न निघाला आणि मुलानं आणि सूनबाईनं एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. त्या दोघांचं इतकं एकमत लग्न ठरल्यापासून पहिल्यांदाच झालं असावं.

वर्ग पाहून मी चाटच पडलो. फळ्या गुडघ्याएवढ्या, नळ मांडीएवढा, दप्तरांच्या खुंट्या माझ्या पट्ट्याच्या उंचीवर. फळ्यांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं, आपली छोटी चटई अंथरायची, तिच्यावर बसून काम करायचं आणि झालं की जिथून घेतलं तिथंच ठेवायचं. (दाजी, ही शिस्त आपल्या कारखान्यात असती तर तुमची अर्ध्या इंचाची पटाशी तेरा वर्षं हरवलेली राहिली नसती.) खेळाला ते लोक 'काम' म्हणतात. साडेतीन वर्षांचा गृहस्थ चमच्यानं एका वाटीतले वाटाणे दुसऱ्या वाटीत टाकतो, ते काम. बाईंना सगळे ताई म्हणतात, आणि ताई कधी ओरडत नाहीत. त्यांची मदत हवी असेल तर मुलानं जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. हातातलं संपलं की ताई वळतात. मला हे कुठे ठाऊक? पहिल्याच दिवशी एक पोरगी अशी मुकाट उभी राहिलेली पाहून मला वाटलं, हिला चक्कर येतेय, म्हणून मी पाणी घेऊन धावलो.

धावलो म्हणजे काय, खुर्चीसकट धावलो. मला बसायला दिलेली खुर्ची हातांची होती. काम चोख, सांधे पक्के (बसण्याआधी मी उलटी करून पाहिली), पण ती ज्याच्यासाठी केलेली त्याचं वजन फार तर पंधरा किलो. मी उठलो तशी तीही उठली. वाटेत पाणी सांडलं. वीस चेहरे वळले आणि एकही हसला नाही, हेच मला फार लागलं. एका चिमुरडीनं कोपऱ्यातलं फडकं आणून शांतपणे माझ्या हातात दिलं. इथं ज्यानं सांडलं त्यानं पुसायचं असतं. खुर्ची मागे तशीच अडकलेली, आणि मी फरशी पुसतोय! मग ताई आल्या, माझ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि इतक्या हळू, इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, आपण नुसतं बघू या का?" दाजी, खरं सांगतो, त्यापेक्षा तुमच्या शिव्या परवडल्या.

तर मी नुसतं बघू लागलो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला. तिथं दट्ट्यापेटी नावाची एक वस्तू आहे. हातभर लांब ठोकळा, त्यात ओळीनं दहा भोकं, दहा भोकांत दहा लाकडी दट्टे, प्रत्येकाला वर चिमटीत धरायला बोंडासारखी मूठ. सगळे दट्टे काढायचे, मिसळायचे आणि परत बसवायचे, एवढंच काम. भिंगरी पहिल्या दिवसापासून तिच्यावर खूश. रोज अर्धा-अर्धा तास मांडी ठोकून बसायची. (घरी ती जेवायलासुद्धा अर्धा मिनिट बसत नाही.) इकडे मला बघवत नव्हतं. पोरगी एक दट्ट्या उचलायची, भोकात घालायची, तो अडकायचा. दुसऱ्यात घालायची, तर आत डुगडुगायचा. कसेबसे नऊ आत गेले की शेवटचा जाडजूड हातात उरायचा आणि समोर भोक बारीक! की परत सगळे उपसायचे. चार दिवस मी हे सोसलं. पाचव्या दिवशी मुलं अंगणात गेल्यावर पेटी हातात घेऊन पाहिली आणि कपाळाला हात लावला. दहा दट्टे, आणि दहाच्या दहा वेगळ्या जाडीचे! तुमच्या हाताखाली तयार झालेला माणूस मी. टेबलाचे चार पाय सारखे नसतील तर बंबात घाला, म्हणणारे तुम्ही. जाडी ह्या टोकाकडून त्या टोकाकडे क्रमानं उतरत जाते हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण मला वाटलं, करणारा जेवून बसला असेल आणि डोळ्यांवर झापड येत गेली तसतसा एकेक दट्ट्या जास्त कातला गेला असेल.

कुणाच्या कामाला नावं कशाला ठेवा, म्हणून मी ताईंना एवढंच म्हणालो की पेटीचं पॉलिश गेलंय, सुट्टीच्या दोन दिवसांत घरून करून आणतो. त्या बिचाऱ्या हरखल्या. मी दोन दिवस बाल्कनीत बसून काचपेपर मारला. सगळे दट्टे घासून घासून सगळ्यात बारक्याच्या मापावर आणले. आता कुठलाही दट्ट्या कुठल्याही भोकात, तक्रार नाही! वरून पॉलिशचे दोन हात. सोमवारी सकाळी पेटी फळीवर ठेवली तेव्हा माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका. एवढ्या शाळा शिकलेल्या बायका, आणि ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ नये, असंही मनात येऊन गेलं.

भिंगरीनं चटई अंथरली, पेटी आणली, दट्टे काढून मिसळले. पहिला घातला, बसला. दुसरा, बसला. मिनिटभरात दहाही आत. मी कोपऱ्यातून मान डोलावतोय. तिनं पुन्हा काढले, मुद्दाम भलत्याच ठिकाणी घातले, तेही बसले. मग तिनं पेटी फळीवर ठेवली, चटई गुंडाळली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ह्यात काम उरलं नाही." डोळे काठोकाठ भरलेले. दाजी, गिऱ्हाइकांनी मला आयुष्यात पुष्कळ ऐकवलं, पण इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

ताईंनी पेटी घेतली, एक दट्ट्या इथं घालून पाहिला, तोच तिथं घालून पाहिला, आणि तोंडावर हात धरून भिंतीकडे वळल्या. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या! मग माझ्याजवळ पुन्हा गुडघ्यांवर बसून त्यांनी मला समजावलं. दट्ट्यांची मापं वेगळी, हाच तर त्या पेटीचा जीव. दट्ट्या चुकीच्या भोकात घातला की तोच सांगतो, माझी जागा ही नव्हे. चुकलं असं कुणी मोठ्यानं म्हणायचं नाही, कान धरायचा नाही; मूल आपली चूक आपल्या डोळ्यांनी बघतं आणि आपल्या हातानं सुधारतं. आणि मी शहाण्यानं दोन दिवस घाम गाळून चूक करायची सोयच काढून टाकली होती. मी विचारलं, मग आता काय करायचं? विचारता विचारताच माझी नजर आपोआप त्या कोपऱ्यातल्या फडक्याकडे गेली.

मी तोंड उघडायच्या आत भिंगरीनं सगळ्या वर्गाला जाहीर करून टाकलं, "माझे आजोबा नवे दट्टे करणार. ते सुतार आहेत." येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी सगळ्यांचे आईबाप मुलांचं काम बघायला येणार आहेत, आणि भिंगरीनं आपलं काम म्हणून तीच पेटी निवडून ठेवली आहे. मुलगा लोकांना सांगतो, बाबा आता रिटायर आहेत. सूनबाई म्हणते, बाबांना आराम हवा. मी सुतार 'आहे' असं म्हणणारी ह्या घरात ती एकटीच उरली आहे. तिला त्या शनिवारी रिकाम्या भोकांची पेटी घेऊन बसावं लागलं, तर तीसुद्धा 'होते' म्हणायला लागेल. मला ते ऐकवणार नाही.

अर्थात काम अगदी किरकोळ आहे. कोपऱ्यावर एक खुर्च्या करणारा आहे, त्यानं दुपारी त्याचं लाकूड कातायचं लेथ मशीन वापरायला दिलंय. भिंगरी शाळा सुटली की लांब ठेवलेल्या स्टुलावर बसून बघते, हात पाठीशी बांधून, थेट ताईंसारखी. परवा सहा दट्टे कातले. पहिला जाड झाला, घासला तर बारीक झाला. दुसरा वर बरा, खाली भलताच. उजेड कमी होता. काल चष्मा बदलून बसलो, तर लाकूड ओलं निघालं. आज लाकूड वाळकं होतं, तर मशीन थरथरायला लागलं. (मालक म्हणतो, मशीन थरथरत नाही. त्याला काय कळतंय!) एकूण सतरा झाले, पण पेटीत नेमका बसेल असा एक नाही. भिंगरी चुकलं असं म्हणत नाही हो. ती प्रत्येक दट्ट्या घेते, दहाही भोकांत घालून बघते आणि मुकाट्यानं माझ्या हातात परत देते. आज मात्र तिनं विचारलं, "आजोबा, मदत हवी?" मी म्हटलं, छे! ती बरं म्हणाली आणि लाकडाच्या भुशात बोटानं रेघा ओढत बसली.

तर असं सगळं छान चाललं आहे, काळजीचं काही कारण नाही. अक्काला म्हणावं, खोकल्यावर नुसते घरगुती उपाय करत बसू नकोस. कारखान्यात कुणी विचारलं तर म्हातारा ठणठणीत आहे म्हणून सांगा. कळवण्यासारखं होतं ते सगळं कळवून झालं.

तुमचा (अजून रागावलेला)
धाकटा मेहुणा

ता. क. अक्षर इतकं वळणदार कसं, असं वाटलं असेल. मी सांगितलंय आणि सूनबाईनं लिहिलंय. मला वेळ नसतो, एवढंच. (दाजीमामा, ते मशीन थरथरत नाही. हा कंस माझा आहे, बाबांनी सांगितलेला नाही. आपली सून.)

ता. क. २. सूनबाईनं वर काय खरडलं ते मला वाचून दाखवलं नाही, पण तिच्या तोंडावरून कळलं. ठीक आहे. मशीन बरं आहे. उजेड होता, लाकूडही चांगलं होतं. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी पेन्सिल आपटून निघून आलो. आता सतरा दट्ट्यांनी तेच सांगितलं, त्यांच्यावर रागावून कुठे जाऊ? तुमचा हात अजून सूतभरही हलत नाही असं अक्का सूनबाईला फोनवर सांगत असते. (दोघी बोलतात ते मला माहीत आहे, मी दाखवत नाही.) त्या शनिवारच्या आत दोन दिवस येता आलं तर या. मी मापं घेतो, तुम्ही कापा.

ता. क. ३. ह्या ओळी मी स्वतः लिहितोय, वाचता येतील तेवढ्या वाचा. भिंगरी शेजारी बसली आहे. तिचं म्हणणं, मदत मागायची तर शाळेतल्यासारखी मागा. तेव्हा मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून गप्प उभा आहे, असं समजा. हात थोडा हलतोय, तेवढं सांभाळून घ्या.