मोर्च्यातली बिनहंड्याची

बाबा, काल टीव्हीवर मुंबईतला मोर्चा दाखवून राह्यले होते, तवा तुमची याद आली. आमच्याकडं आता टीव्ही है, रंगीत. लेक-जावयाचं बिऱ्हाड नवीन जालन्यात है, टेशनच्या पलीकडं. जावई बियाण्याच्या कंपनीत हापीसात बसतात. मी अर्धा महिना हितं, अर्धा गावी. हितं राहायचं कारण एकच, माझी नात. तुमची पणती, बाबा! सातवीत है. माझ्याहून चार बोटं उंच झाली. सायकल दोन्ही हात सोडून चालवती अन् मी वरडले की म्हणती, "आजी, तू डोळे झाक ना." भाकर थापायला बसवली तर परातीच्या बाहेर जाती, पण तव्यावर टाकली की अशी फुगती, विचारू नका. तिच्याकडं बघत बसले की माझा दिवस कसा जातो ते मला कळत न्हाई. शेजारीण म्हणती, काकू, नजर लावसाल पोरीला. लागू दे, म्हणलं, माझीच नजर है, मीच काढीन.

तर टीव्हीवर माणसंच माणसं, अन् मागं गाड्यांची रांग. जावई म्हणले, "ह्यांना उचलून आत टाकायला पाहिजे. कामाच्या माणसांचा बिलकुल इचार न्हाई." लेक म्हणली, "हां ना." नातीनं माझ्याकडं बघून विचारलं, "आजी, तू कधी खराखुरा मोर्चा बघितला का?" मी म्हणले, "मी कुठं बघणार बाई, मी खेड्यातली." अन् उठून सोललेलाच लसूण परत सोलायला बसले. तुम्ही तिसरीपर्यंत शाळेत घातलं, तेवढ्या अक्षरांवर हे लिहून राह्यले. माझी पत्रं नातीच्या हातून लिहून घ्यायची सवय है, तिचं अक्षर गोल है. पण हे तिला सांगता येत न्हाई.

तुम्ही मुंबईला पाण्याच्या मोर्च्याला गेल्ते ते मला बराबर याद है. मी पंचमीला माहेरी आल्ते. तुम्ही तीन दिवसांनी परत आले, पाय हे एवढे सुजलेले. मायनं चुलीवर पाणी तापवलं अन् मी घमेल्यात तुमचे पाय धुतले. तुम्ही मुंबईहून खारी बिस्किटं आणली होती, त्यांचा रस्त्यात भुगा झाला होता, आपण सगळ्यांनी तो चमच्यानं खाल्ला. तुम्ही हासून हासून सांगून राह्यले होते. एका गॅलरीतून एक बाई म्हणली, आले बघा घाण करायला. अन् दुसऱ्या गल्लीत एका म्हाताऱ्यानं दारात माठ ठेवला होता, पेला घेऊन सोता उभा होता, प्रत्येकाला म्हणत होता, सावकाश प्या. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं सांगितल्या. मला मात्र राग आला. मी म्हणले, "कशाला जाता बाबा? लोकाचा खोळंबा करायचा. त्या गाड्यांमधी कोणी दवाखान्यात चाललेलं असंल, तर?" तुम्ही हासायचं थांबले. म्हणले, "असंल ना. पण आपल्या गावची वाट पावसाळ्यात चार महिने बंद असती, तवा कोण वरडतं?" मी म्हणले, ते येगळं. तुम्ही म्हणले, "हां बाई. ते येगळं." मंग पाय पुसून उठून बसले. पुढं दोन वर्षांत तुम्ही गेले, अन् त्या गोष्टीवर आपलं परत बोलणं झालंच न्हाई.

आता ऐका. ही नात सातव्या महिन्यात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी डिंक आणून ठेवलेला, आळीव निवडलेले, जुन्या लुगड्याची दुपटी शिवलेली, अन् मुंबईहून निरोप आला की तिथंच झाली, जल्दी या. तवा लेक-जावई मुंबईत होते. मी गाठोडं घेऊन गेले. पोरगी एवढीशी, बाबा, खारीच्या पिलासारखी. चामडी एवढी पातळ, की आतलं लाल आधी दिसायचं. तिला लेकरांच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, अन् तिची माय टाके अन् ताप घेऊन दुसऱ्याच दवाखान्यात, बसनं अर्ध्या घंट्यावर. पोरीला वरचं दूध सोसत न्हव्हतं, हिरवं वकायची अन् पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. सिस्टर म्हणली, आईचंच दूध आणा, चार तासांच्या आत, बर्फात ठेवून. जावयाची सुट्टी संपलेली. मंग आणणार कोण? मीच. सकाळी अन् दुपारी लेक दूध काढून द्यायची, एवढंसं, अर्धी वाटी, त्यालासुद्धा ती दातओठ खायची. ते स्टीलच्या डबीत, डबी मोठ्या तोंडाच्या थर्मासात, भवती बर्फ. जावयानं बसचा नंबर माझ्या हातावर पेनानं लिहून दिला होता. दोन दिवसांत पाठ झाला, पण मी रोज लिहून घ्यायची. मला एकच बस माहीत, एकच रस्ता. तिथं डबीतलं दूध थेंब थेंब नळीतून पोटात सोडायचे, अन् मी काचेतून बघायची. तिच्या गळ्याजवळ एक शीर हालायची. तेवढी हाल्ली की मी घरी यायला मोकळी.

सहाव्या का सातव्या दिवशी दुपारची बस मधीच थांबली. पुढं काही हालंना. टण टण टण आवाज येऊन राह्यला, भांडी बडवल्यासारखा. कंडक्टर खाली उतरून बघून आला अन् म्हणला, "हंडा मोर्चा. बायका आहेत. निवांत बसा." लगेच बसमधी सगळ्यांना तोंडं फुटली. माझ्या बाजूला एक बॅगवाला माणूस होता, तो म्हणला, "यांना धंदा काय दुसरा? फुकटात मुंबई बघायला येतात." मागून एक कॉलेजातली पोरगी म्हणली, "काका, पाणी मागतायत त्या." "मग मागा ना! आपल्या गावात मागा, आमच्या डोक्यावर कशाला?" एक बाई म्हणली, "आमच्याकडं पण दिवसाआड येतं पाणी, आम्ही निघालो का हंडे घेऊन?" कंडक्टर म्हणला, "निघा ताई, मी डबल बेल देतो." सगळे हासले. मी हासले न्हाई. मी थर्मास पोटाशी धरून बसले अन् हिशोब करून राह्यले, दूध काढून किती वेळ झाला. अर्धा घंटा गेला, एक घंटा गेला. बर्फ खुळखुळायचा बंद झाला, म्हंजी पाणी झाला. मंग मी उतरले.

उतरून कुठं जायचं? बाजूच्या गल्ल्या मला माहीत न्हाईत, अन् विचारावं तर जो तो घाईत. त्या रस्त्यानं फकस्त मोर्चा पुढं जाऊन राह्यला होता. मंग मी मोर्च्यात शिरले. दुसरं काय करणार होते? नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, उन्हानं रापलेलं तोंड. कोणी मला येगळं काढलं न्हाई. बाजूला एक उंच, काळीसावळी बाई चालत होती, माझ्याच वयाची, डोक्यावर रिकामा हंडा. म्हणली, "कुठल्या हो मावशी तुम्ही?" मी म्हणले, "मंठ्याकडची." "अय्यो! मंग आपल्याच की! आम्ही मंठ्याच्या पलीकडच्या. अन् हंडा कुठंय तुमचा? थर्मास आणला व्हय? मंत्र्यांसाठी च्या आणला काय?" चार बाया खदखदून हासल्या. मी तिला दुधाचं सांगितलं. तिचं हासू गेलं. तिनं बायांना म्हणलं, "ए, हिला मधी घ्या गं, धक्का लागू देऊ नका, नातीचं दूध है." बायांनी मला मधी घेतलं. तिनं आपल्या फडक्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, सगळी बाटली, अन् ते ओलं फडकं थर्मासला गुंडाळलं, जसं आपण माठाला गुंडाळतो तसं, गार राहावं म्हणून. थर्मासला बाहेरून ओलं करून काय उपेग? पण तिला ठावकं न्हव्हतं अन् मला बी न्हव्हतं. तिच्याकडं प्यायला तेवढंच पाणी होतं. पाणी मागायलाच आल्त्या त्या, बाबा. तुम्ही मागायला गेल्ते तेच पाणी.

तुम्ही सांगितलेलं सगळं मी तवा आतून बघितलं. एका गॅलरीत एक पोरगं कानावर हात ठेवून उभं होतं अन् त्याची माय खिडक्या लावून घेत होती. एका दुकानदारानं शटर खाली वढलं, त्याच्या बाजूच्यानं पाण्याचा पिंप बाहेर आणून ठेवला. गाडीतून एकजण माझ्याकडं बघून वरडला, "घरी जा!" माझ्याकडं बघून! मला वाटलं थर्मास वर करून दाखवावा. पण वर करून काय दाखवणार, त्याच्यावर ओलं फडकं.

मंग दवाखान्याची पांढरी बिल्डिंग दिसली अन् त्याच्या अलीकडंच मोर्चा अडला. लोखंडी कठडे, कठड्यामागं पोलीस. दूध काढून तीन घंटे होत आल्ते. मी कठड्याला जाऊन भिडले. पोलीस कवळा होता, माझ्या धाकट्या पोराएवढा. म्हणलं, "साहेब, जाऊ द्या, माझी नात त्या दवाखान्यात है, दूध घेऊन चालले." तो म्हणला, "आजी, आज सगळ्यांचीच नातवंडं दवाखान्यात आहेत. मागं व्हा." मी हात जोडले, तो दुसरीकडं बघायला लागला. मी रडले. तो म्हणला, "रडू नका. मोर्च्यातल्या ना तुम्ही? मग साहेब सांगतील तेव्हा सोडू."

अन् मी म्हणले, "न्हाई. मी ह्या बायांमधली न्हाई. ह्यांनीच माझी वाट अडवली. ह्यांना काय, फुकटात मुंबई बघायला आल्या."

बॅगवाल्याचे बोल माझ्या तोंडातून असे आले, जसे माझेच होते. ती बाई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, तिनं शब्दन् शब्द ऐकला. पोलिसानं तिच्याकडं बघितलं. ती म्हणली, "खरं है साहेब. ही आमच्यातली न्हाई. बघा ना, हिच्याकडं हंडा कुठंय?" पोलिसानं माझे हात बघितले, कठडा एका बाजूनं उचलला, अन् मी वाकून पलीकडं गेले. ती रागानं बोलली की मायेनं, मला आजपावतो कळलं न्हाई. मी मागं वळून बघितलंच न्हाई, तर कसं कळंल?

सिस्टर आधी मला रागवली, मंग डबी उघडून वास घेतला, म्हणली, "चांगलं आहे, बसा." थेंब थेंब नळीतून सोडलं. मी काचेला नाक लावून उभी. खालून हंड्यांचा आवाज येत होता, मंग शिट्ट्या वाजल्या, बाया वरडल्या, अन् मंग हंडे रस्त्यावर पडल्याचा आवाज आला, एकामागून एक. खिडकी माझ्या पाठीमागंच होती. पोरीच्या गळ्याची शीर हालून राह्यली होती. मी तेच बघत राह्यले.

संध्याकाळी जावई म्हणले, "मोर्चा उधळला म्हणे. बरं झालं, उद्या बस वेळेवर मिळंल." मी म्हणले, हां. दुसऱ्या दिवशी बस वेळेवर मिळाली. रस्त्याच्या कडेला चपलांचा ढीग होता अन् एक चेपलेला हंडा. महिन्यानं पोरगी पेटीबाहेर आली, तवा मी आख्ख्या वार्डात पेढे वाटले, त्या रागीट सिस्टरच्या तोंडात माझ्या हातानं घातला.

त्या बाईचं नाव मी विचारलं न्हाई. गाव पण नीट विचारलं न्हाई, मंठ्याच्या पलीकडं एवढंच. मंठ्याच्या बाजाराला गेले की उंच बाया दिसतात, त्यांच्याकडं नजर जाती. एकदा भाजीच्या रांगेत पाठमोरी दिसली, तशीच उंच, तशीच मान. बाबा, मी तिच्याकडं गेले न्हाई. बांगडीवाल्याच्या पालामागं जाऊन उभी राह्यले, ती निघून जाईपावतो. तिला काय म्हणणार होते? तिच्या गावाला पाणी आलं का, हे विचारणार होते? आपल्या गावाला अजून टँकर येतो, दोन दिवसाआड, तोबी भांडून.

हे मी लेकीला सांगितलं न्हाई, जावयाला तर न्हाईच. त्यांना एवढंच ठावकं है की पोलीस भला होता, म्हातारीला बघून सोडलं. नातीला सांगावं असं काल वाटलं, पण तिच्या दुधाची गोष्ट है, तिच्या अंगात ते दूध है, तिला कशाला? म्हणून हा कागद डब्याच्या बुडाशी घालीन, न्हाईतर चुलीत. तुम्हाला तरी तो कसा मिळणार होता?

लिहायला बसले तवा वाटलं होतं, शेवटी माफी मागावी. तुमची, तिची. रातच्याला झोप न्हाई लागत म्हणून लिहावं असं काही न्हाई, मला झोप लागती चांगली. पोरगी शेजारच्या बाजंवर पाय पसरून झोपलेली असती, तिचा श्वास आयकला की लागती. अन् माफीचं मनावर घेतलं तरी जमत न्हाई, कारण लबाडी होईल. परत तो कठडा असंल, परत तीन घंटे झालेले असतील, तर मी परत तेच म्हणीन. त्या बाईच्या जागी तुम्ही उभे असते, बाबा, सुजलेल्या पायांनी, तरी मी तुमच्या तोंडावर तेच म्हणले असते.